वेताळाच्या शेजारी राहणारा कादंबरीकार

मराठीत फँटसी कादंबरी रुजली नाही अशी तक्रार अधूनमधून होते आणि खापर वास्तववादावर फोडलं जातं. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची. आपल्या कादंबरीचं बाळपण अद्भुतातच गेलं. पुढे हरिभाऊ आपट्यांनी तिला मध्यमवर्गीय माजघरात आणून बसवलं आणि ती तिथेच रमली. हे खरं, पण कारापूरहून पाहिलं की अपुरं वाटतं.

कारापूर गोव्यात, डिचोली तालुक्यात. इथल्या विठ्ठलापूरला वाळवंटीकाठी विठ्ठलाचं देऊळ, पलीकडे साखळी. याच तालुक्यात आमोण्याचा वेताळ. गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून पुन्हा नव्या द्यायच्या. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि पेडण्यात मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीणसुद्धा त्यांचीच बहीण मानली जाते, तिथे धर्म आड येत नाही. लईराईचे धोंड म्हणवणारे भक्त आधी व्रत पाळतात, मगच जत्रेत निखाऱ्यांवरून चालतात. कोणाची हद्द कुठे, कोणाचं कोणाशी नातं काय, कृपेसाठी काय सोडायचं, सगळं ठरलेलं आहे.

कल्पित जगाला याहून वेगळं काय लागतं? टोल्कीनने १९३९च्या परीकथांवरच्या व्याख्यानात आग्रह धरला तो आतल्या सुसंगतीचा. उर्सुला ल ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त (१९६८) जादूगाराला वस्तूचं खरं नाव कळल्याशिवाय तिच्यावर सत्ता चालवता येत नाही, आणि गर्वाने केलेली एक जादू त्याच्याच मागे लागते. आपल्या जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत चमत्कार भरपूर, योगायोग त्याहून जास्त, पण असा हिशेब नव्हता. म्हणून त्या वास्तववादापुढे टिकल्या नाहीत. हिशेब गावात होता, पुस्तकात आला नाही.

का आला नाही, याचं माझं उत्तर अडचणीचं आहे. टोल्कीनने ज्या उत्तरेकडच्या पुराणांतून माल उचलला, त्यांतल्या देवांना त्याच्या शेजारपाजारी कोणी नवस बोलत नव्हतं. तो स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये देवळं नाहीत, पूजापाठ जवळजवळ नाही. स्वतःचा जिवंत देव त्याने गोष्टीत ओढला नाही, मेलेल्यांना मात्र हवं तसं वाकवलं. डिचोलीच्या लेखकाला ती सवलत नाही. त्याने लईराईला कादंबरीतलं पात्र केलं, तर उद्या शेजारच्या घरातला धोंड दारात उभा राहील, आणि त्याचं चुकतं असं मला म्हणवणार नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'कोंडुरा'त (१९६६) ही वाट वेगळ्या बाजूने काढली: दैवी देणगी लाभलेल्या माणसाची फरपट. पण जग कोकणातलंच राहिलं, नवं उभं राहिलं नाही.

नवं जग उभं राहतं ते जत्रेतल्या दशावतारात. पेडणे, डिचोली, सावंतवाडीकडे पौराणिक आख्यानांबरोबर काल्पनिकही चालतात: कुठल्याच पुराणात नसलेला राजा, त्याचं राज्य, शाप, उःशाप. संहिता नसते. खेळाआधी कथानक सांगितलं जातं, संवाद रंगमंचावर सुचतात. लाकडी बाकडं हेच सिंहासन आणि हाच डोंगर. राज्य बनावट असल्यामुळे कुणाचा नवस मोडत नाही, आणि शापाचे नियम मात्र प्रेक्षक घरूनच घेऊन आलेला असतो, त्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

कमतरता एकच, पण मोठी. लिहून न ठेवलेलं राज्य दुसऱ्या खेळात जसंच्या तसं सापडत नाही. त्याच राजाच्या तोंडी दुसरा नट दुसरंच बोलतो. खंडांमागून खंड लिहिणाऱ्याला लागतो तो साठा जमत नाही. ते काम टेबलाशी बसणाऱ्याचं आहे. त्याने दशावताराकडून बनावट राजा घ्यावा आणि वेताळाकडून झिजणाऱ्या वहाणांसारखा एखादा कडक नियम. आमोण्याचा वाचक तो ओळखेलच, त्याला इलाज नाही.