अमून नेमका कुठला?

साम्राज्याच्या काठावरचं राज्य म्हणजे राजधानीची फिकट नक्कल, असं पुरातत्त्वात दीर्घकाळ गृहीत धरलं जाई. सुदानमधल्या कुश राज्याइतकं या समजुतीचं नुकसान क्वचितच कुणी सोसलं असेल.

अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइझनर यांनी १९१३ मध्ये केर्मा इथे उत्खनन सुरू केलं. एका भव्य थडग्यात त्यांना हेपजेफा या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या पुतळ्याचे अवशेष मिळाले आणि त्याच्या पत्नीचा, सेनुवीचा, जवळजवळ अखंड पुतळाही. त्यांनी निष्कर्ष काढला की केर्मा हे इजिप्तचं ठाणं आणि हेपजेफा तिथला सुभेदार. प्रत्यक्षात हेपजेफाची कबर दूर उत्तरेला, असयूतला होती आणि पुतळे थडग्यापेक्षा काही शतकं जुने होते. म्हणजे ते इजिप्तमधून इथे आणले गेले होते, बहुधा लुटीतून. पुढे १९७० च्या दशकापासून स्विस संशोधक शार्ल बोने यांनी तटबंदी, मातीच्या विटांचं प्रचंड मंदिर आणि राजाचं गोल सभागृह उजेडात आणलं. केर्मा ही कुशची स्वतंत्र राजधानी होती.

इ.स.पू. १५०० च्या सुमारास इजिप्तने कुश जिंकलं. नाईलकाठच्या जेबेल बर्कल या टेकडीचा एक सुळका फणा काढलेल्या नागासारखा दिसतो, आणि नाग हे फॅरोच्या मुकुटावरचं चिन्ह. अमून देव याच टेकडीत राहतो, असं खुद्द इजिप्शियनांनीच तिथे कोरून ठेवलं. जिंकलेल्या मुलखावर हक्क सांगायला ते सोयीचं होतं.

पण साम्राज्य मागे सरलं आणि देव तिथेच राहिला!

इ.स.पू. ७२८ च्या सुमारास कुशचा राजा पिये याच अमूनच्या नावाने उत्तरेवर चालून गेला. बर्कलला १८६२ मध्ये सापडलेल्या त्याच्या शिलालेखात इजिप्तमधल्या हर्मोपोलिस शहराच्या वेढ्याची हकीकत आहे. शहर शरण आल्यावर पिये तिथला राजा निमलोत याच्या तबेल्यात जातो आणि उपाशी ठेवलेले घोडे पाहून संतापतो. शेवटी शरण आलेल्या चार राजांपैकी तिघांना तो महालात पाऊलही टाकू देत नाही, कारण त्यांची सुंता झालेली नाही आणि ते मासे खातात. इजिप्तच्या राजांना सोवळं-ओवळं शिकवतोय तो काठावरचा राजा. याला नक्कल म्हणणं चूक आहे. हा वारसाहक्काचा दावा आहे.

बाहेरचं मूळ शोधण्याची खोड मात्र लवकर सुटली नाही. कुशच्या पुढच्या, मेरोए काळातल्या नका इथल्या मंदिरावर सिंहमुखी देव अपेडेमाक तीन मुखं आणि चार हात घेऊन उभा आहे. त्यात काही अभ्यासकांना भारताचा प्रभाव दिसला. आपल्याला ते सुखावणारं असलं, तरी भिंत नीट पाहावी: एका बाजूने राजा नतकमानी, दुसऱ्या बाजूने राणी अमानितोरे येत आहे आणि देव दोघांनाही सामोरा जातो आहे. अनेक मुखांना आणि हातांना एवढं कारण पुरेसं आहे.

कुशची कहाणी कुशच्याच पुराव्यांवरून लिहिली जाऊ लागली असतानाच एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि खार्तूमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. जगातल्या लिलावघरांनी आणि संग्राहकांनी तरी या काळात सुदानची कोणतीही पुराणवस्तू विकत घेऊ नये.