चिमूटभर मिठातला तमोगुण

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधलं घर असो की शेजारच्या अणुशक्तीनगरातलं क्वार्टर, पहाटेचा एक प्रसंग दोन्हीकडे सारखाच दिसतो. गजर वाजतो, अंधारातच हात मांडणीवरच्या छोट्या बाटलीकडे जातो, मिरीएवढी गोळी पाण्यासोबत पोटात जाते आणि मग सुरू होतं ताटकळणं. चहा अर्ध्या तासाने. डॉक्टर कडक असेल तर तासाने. सहा-सव्वासहाची लोकल पकडायची तर हा तास आणायचा कुठून, हा थायरॉइडचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न बराच जुना आहे आणि तो चहावर सुटत नाही.

‘मला थायरॉइड आहे,’ असं आपल्याकडे सांगतात; जसं बीपी आहे, शुगर आहे. खरं तर तो सगळ्यांनाच असतो. गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ही ग्रंथी भरते जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. रक्तातून जाणारं आयोडीन ती वेचून घेते आणि त्यापासून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं घडवते. शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींची लगबग किती, काळजाचे ठोके किती, अंगात ऊब किती, हे त्यावर ठरतं. ग्रंथीला हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरीकडून, पिट्युटरीला तिच्या डोक्यावरच्या हायपोथॅलॅमसकडून. पण हायपोथॅलॅमसही मालक नव्हे. रक्तातली संप्रेरकं वाढली की वरचे दोघं गप्प होतात, कमी झाली की ओरडू लागतात. रिपोर्टमधला वाढलेला टीएसएच म्हणजे हेच ओरडणं. यातला मुख्य कोण, असं विचारणं म्हणजे रहाटगाडग्याचा पहिला पोहरा कोणता, असं विचारणं.

आता निदानाच्या आधीची वर्षं आठवावी. ग्रंथी मंदावलेल्या बाईला घरात काय म्हणतात? आळशी. ऐदी. बसली की उठत नाही, सांगितलेलं लक्षात ठेवत नाही. ग्रंथी नको तितकी धावत असेल तर रागीट, धांदरट, एका जागी बूड टेकत नाही. हे सगळे शेरे शरीराला उद्देशून नसतात, स्वभावाला उद्देशून असतात. मग कुणीतरी रक्त तपासायला सांगतं, कागदावर एक आकडा येतो, गोळी सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांत बाई पूर्ववत कामाला लागते. रिपोर्ट फाइलला लागतो. शेरे मात्र कुणी मागे घेतल्याचं ऐकिवात नाही.

मग आळशी होतं कोण?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन जवळपास हेच विचारतो: इच्छा नसताना, कुणी बळजबरीने ढकलावं तसा माणूस पाप का करतो? उत्तर येतं, रजोगुणातून उपजणारे काम आणि क्रोध. चौदाव्या अध्यायात तमाच्या पदरी आळस, निद्रा आणि प्रमाद बांधले आहेत, रजाच्या पदरी हाव आणि अस्वस्थ धडपड. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तर तिन्ही गुणांचे वेगळे समास आहेत. थायरॉइडच्या दोन टोकांची लक्षणं त्याशेजारी ठेवली की मोह होतोच, आणि व्हॉट्सॲपवर तो मोह आवरलाही जात नाही: बघा, पूर्वजांना हॉर्मोन ठाऊक होते! नव्हते. ‘हॉर्मोन’ हा शब्दच अर्नेस्ट स्टार्लिंगने १९०५ मध्ये वापरात आणला, चेतवणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. त्रिगुण ही स्वभावाची मांडणी आहे, ग्रंथीचा नकाशा नव्हे. पूर्वजांच्या नावावर नसलेलं श्रेय जमा करण्याच्या घाईत त्यांनी खरोखर केलेलं काम मात्र नजरेआड होतं.

ते काम छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो की मन अन्नाचं बनलेलं आहे. बारा वर्षं वेद शिकून फुशारलेल्या मुलाला हे सहज पटणारं नव्हतं. बाप वाद घालत बसत नाही. पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी हवं तितकं पी, एवढंच सांगतो. सोळाव्या दिवशी ऋचा म्हणायला सांगितल्यावर श्वेतकेतूला काही आठवत नाही. मग बाप म्हणतो, जा, जेवून ये. जेवल्यावर विचारलेलं सगळं त्याला येतं. मुलाच्या पाठांतराला कुणी आळशी म्हटलं नाही. म्हणूनच शरीराचा रिपोर्ट हाती आला की अध्यात्माची फजिती होते, हा समज उथळ आहे. सांख्यांनी तर मनच काय, बुद्धी आणि अहंकारसुद्धा प्रकृतीच्या, म्हणजे जडाच्या, खात्यावर टाकले आहेत. चार्वाक आणखी पुढे गेला: आंबवण्यातून नशा यावी तशी देहातून जाणीव येते, वेगळा आत्मा शोधायला नको. भांडण आहे ते हे सगळं पाहणारा साक्षी देहामनाहून वेगळा आहे की नाही याचं. मन देहाचं देणं लागतं, हे त्यातल्या निदान दोन्ही टोकांना मान्य आहे.

त्याच अध्यायात थोडं पुढे मीठ येतं. उद्दालक पाण्यात मीठ टाकायला लावतो. सकाळी ते दिसत नाही, पण वरून, मधून, तळातून कुठूनही चाखलं तरी खारट. मानखुर्दच्या माणसाला हा दृष्टांत समजावून सांगायला नको. मंडाळे-तुर्भ्यापासून वडाळा, भांडुप, मुलुंडपर्यंत खाडीकाठाने मिठागरांची ओळच होती. गंमत अशी, की समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, ही समजूत खोटी आहे. उन्हात दाणा धरताना आयोडीन बहुतेक मागच्या पाण्यात राहून जातं. ते वरून, पोटॅशियम आयोडेटच्या रूपात, कारखान्यात मिसळावं लागतं. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं ते १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचं एकत्र केलं तरी चार ग्रॅम भरणार नाही. पण गर्भाच्या मेंदूची पहिली बांधणी आईच्या थायरॉइडवर होते, आणि तिथे यातली तूट महाग पडते. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला.

पुढचा इतिहास तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावा असा आहे. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला १९९८ मध्ये देशभर बंदी आली. २००० मध्ये केंद्राने ती उठवली. लोकांनी काय खावं हे त्यांच्यावर सोडावं, सक्ती नको, असा युक्तिवाद होता. मिठावरची सक्ती म्हटल्यावर या देशात १९३० आठवणारच, आणि मुंबईत वडाळ्याची मिठागरंही, जिथे सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. युक्तिवाद मुळीच हास्यास्पद नव्हता. अडचण एवढीच, की निवड करायची ती ज्या मेंदूने, तो घडतो याच मिठातून, आणि ज्याचा घडायचा आहे तो निवडायला अजून जन्मलेलाच नाही. २००६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. एखाद्याची ‘बुद्धी’ किंवा ‘उमेद’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातला एक वाटा अशा रीतीने अधिसूचनेतून, मालगाडीतून, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घरात येतो. कर्माच्या हिशेबात हा वाटा कुठल्या रकान्यात धरायचा, हे कुठल्याच भाष्यकाराने सांगितलेलं नाही.

ग्रंथी भरधाव सुटली तर उपाय मानखुर्दच्या कुशीतच तयार होत आला. १९५६ मध्ये तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, मग ‘सायरस’, ‘ध्रुव’. टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा केला की आयोडीन-१३१ मिळतं. दर आठ दिवसांनी निम्मं होत जाणारं, किरणोत्सारी. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून थायरॉइडवर अशा औषधांनी उपचार होतात. ग्रंथीला साधं आणि किरणोत्सारी आयोडीन यांतला फरक कळत नाही. ती हावरटासारखं ओढून घेते आणि आतून भाजली जाते. रुग्ण मात्र काही दिवस सोवळ्यात: लहान मुलं लांब, गर्भवती लांब. पुढे पुष्कळांची ग्रंथी इतकी थंडावते की तीच पहाटेची गोळी जन्माची मागे लागते.

म्हणजे राग, आळस, भीती हे सगळं रसायनच, असं म्हणून सुटता येईल का? माद्रिदच्या ग्रेगोरिओ मारान्योन या डॉक्टरने १९२४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने २१० जणांना ॲड्रिनॅलिन टोचलं. छाती धडधडली, हात थरथरले. पण बहुतेकांना खरी भीती वाटलीच नाही. बरेच जण म्हणाले, जणू भीती वाटतेय, जणू काही घडणार आहे. काहींना मात्र भावना खरीच आली, विशेषतः आजारी मुलाबद्दल किंवा वारलेल्या आईवडिलांबद्दल आधी बोलणं झालं असेल तर. रसायन धक्का देतं. कुणाच्या दिशेने जायचं ते आठवणी, नाती, ऐकलेले शब्द ठरवतात. ‘जणू’ या एका शब्दाएवढी जागा माणसाच्या ताब्यात उरते. ती फार नाही, पण ग्रंथीवर सगळं ढकलून मोकळं होणाऱ्यालाही ती मोकळं सोडत नाही, आणि शेरे मारणाऱ्यालाही नाही. कारण धक्क्याला दिशा देणाऱ्या शब्दांत त्याचे शब्दही असतात.

गोळीतलं टी-४ रक्तात निम्मं व्हायला आठवडाभर घेतं, त्यामुळे डोस बदलला की त्याचा खरा परिणाम कळायला दीड महिना लागतो. डॉक्टर सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगतात. तेवढे दिवस गजर, गोळी, चहाविना तास. या काळात सकाळी भांड्यांचा आवाज जरा जास्त झाला, तर तो बाईचा, डोसचा, की सासूबाईंनी काल काढलेल्या विषयाचा, यावर घरात अजून एकमत झालेलं नसतं.