हत्यारें घडविणाऱ्याचें दायित्व

आमच्या परिचयाचा एक तरुण अभियंता पूर्वीं एका पेढीच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहीत असे. ती नोकरी सोडून तो आतां ब्लॉकचेनवर करार लिहिणारांसाठीं साधनें तयार करतो. "दुसऱ्याच्या पैशास हात लावण्याची धास्ती गेली, मी आपला सुतारासाठीं पटाशी घडवितों," असें तो म्हणतो. हें समाधान रास्त आहे काय?

व्हायपर भाषेचें उदाहरण घ्या. तींत लिहिलेले करार यंत्राच्या बोलींत उतरविणारा जो कंपायलर, त्याच्या ०.२.१५, ०.२.१६ व ०.३.० या आवृत्त्यांत एक दोष होता. कराराच्या सर्व दारांना मिळून एकच कुलूप हवें असतां तो प्रत्येक दारास निराळें कुलूप देई. एक व्यवहार पुरा होण्यापूर्वींच मनुष्य दुसऱ्या दारानें खुशाल आंत शिरे. पुढील आवृत्तींत दोष उरला नाहीं. परंतु जुन्या कंपायलरनें उतरविलेले करार साखळींत होते तसेच राहिले. ३० जुलै २०२३ रोजीं कर्व्ह या विनिमय-व्यवस्थेचे कांहीं निधि त्याच वाटेनें लुटले गेले. नुकसान कोट्यवधि डॉलरांचें.

करार लिहिणाराचा येथें काय अपराध? त्यानें कुलूप घातलें होतें. पटाशी बोथट निघाली तर सुताराच्या हातास तें तत्काळ कळतें; हा दोष कोणाच्याच हातास कळला नाहीं. साधन मोफत होतें व तपासण्यास सर्वांस मोकळें होतें, हें कर्त्यांच्या बाजूनें म्हटलेंच पाहिजे. तरीही पेढींतील चूक बहुधा दुसऱ्या दिवशीं दुरुस्त होते. येथें झालेली नोंद खोडतां येत नाहीं. मग मूळ हत्यार घडविणारा धास्तींतून सुटला कसा?

आमच्या मित्राला हें फारसें रुचलें नाहीं. मात्र आपलें प्रत्येक काम हल्लीं तो दुसऱ्या दोघांकडून वाचवून घेतो, असें त्यानें न विचारतांच सांगितलें.