अस्वस्थता आणि अविश्वास

शस्त्रक्रिया होऊन घरी आलेला रुग्ण सारखी कूस बदलू लागला, चिडून बोलू लागला, की आपल्या घरांतून 'धीर धरा, प्रार्थना करा, विश्वास ठेवा' हा उपदेश हमखास ऐकू येतो. उपदेश खोटा नाही; परंतु पुष्कळदा तो वेळेआधी केला जातो. अस्वस्थता हा अविश्वासाचा पुरावा आहे काय?

बेंगळुरूसारख्या शहरात हा प्रश्न अधिक टोचतो. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेली मुले गावाकडच्या आईवडिलांना शस्त्रक्रियेसाठी घेऊन जातात. मुले कामावर, शेजारी कन्नड बोलणारे, ओळखीची मंडळी दूर. त्यातच मधुमेह असला, तर मनाआधी शरीर बंड करते. शस्त्रक्रियेच्या आघाताने कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन यांसारखी संप्रेरके वाढतात आणि इन्शुलिनचे कार्य मंदावते. म्हणून धड न जेवणाऱ्याचीही साखर चढू शकते. मग तहान, वारंवार लघवी, झोपमोड, जखम भरण्यास विलंब. स्टेरॉइड औषधे चालू असतील तर साखर आणि जागरण दोन्ही वाढू शकतात. उलट, इन्शुलिन टोचले आणि जेवण दोन घासांवर थांबले, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते : घाम, थरकाप, धडधड, विनाकारण संताप, बोलण्यात गोंधळ. अशा क्षणी उपदेशक कितीही सद्हेतूचा असो, तो रुग्णाचा मोलाचा वेळ घालवतो. बोट टोचून साखर मोजावी. ती उतरली असून रुग्ण शुद्धीवर असेल, तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने आधी भाकर व पाणी दिले, झोपू दिले, आणि उठवून पुन्हा खाऊ घातले (१ राजे १९). 'तू येथे काय करतोस' ही विचारणा त्यानंतर, होरेब डोंगरावर झाली. आपण मात्र विचारणेपासूनच आरंभ करतो.

बेंगळुरूत गुड शेफर्ड भगिनींनी १८८६ साली स्थापिलेल्या रुग्णालयास संत मार्थेचे नाव आहे, हे मला फार समर्पक वाटते. कामाच्या दगदगीत गुंतलेली म्हणून मार्थेला आपण मरीयेहून खालचे आसन देतो. पण साखरेची नोंद ठेवणारी, औषध आणि ताट यांची वेळ जुळवणारी मार्थाच आजाऱ्याच्या घरी लागते. भेटीस येणाऱ्यांची द्राक्षे आणि बिस्किटे प्रेमाने बाजूला ठेवण्याचे धैर्यही तिच्यापाशीच असते. (नाचणीचे मुद्दे 'मधुमेहाला चालतात' म्हणून तिकडे पोटभर वाढतात. नाचणी उत्तम धान्य खरे, पण पिष्ट तिच्यातही भरपूर आहे.)

मग सारी अस्वस्थता रक्तातलीच काय? नाही. साखर ठीक, ताप नाही, जखम कोरडी, वेदनाही आटोक्यात. तरी रात्री २ वाजता मनुष्य जागा असतो. ज्या मुलाला त्याने अंगाखांद्यावर वाढवले, त्याच्याच हाताने आज अंग पुसून घ्यावे लागले, हे त्याला सलत असते. हे दुःख कोणत्याही यंत्रात उमटत नाही. तेथे प्रार्थनेस जागा आहे. मात्र आधी त्याला बोलू द्यावे, आणि तो गप्प राहिला तर आपणही उशाशी गप्प बसावे.