सैन्यानें दहशत मोडते काय?

परमुलखांत सैन्य धाडून दहशतवादाचा बीमोड करितां येतो काय? वाचकहो, अफगाणिस्तानाची हकीकत पाहा. ता. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत सुमारें ३,००० निरपराधी माणसें मारिलीं गेलीं. मारेकऱ्यांचा म्होरक्या ओसामा बिन लादेन ह्यास तालिबानांनीं थारा दिला होता. ऑक्टोबरांत अमेरिकेनें चढाई केली व नोव्हेंबरांत काबूल पडलें. ह्यास आम्हीं अन्याय म्हणत नाहीं. खुन्याच्या हातचें शस्त्र काढून घेणें हें राज्यकर्त्याचें कर्तव्यच होय.

पण सैन्य वीस वर्षें राहिलें. बांधाचा तंटा घेऊन शेतकरी सरकारी न्यायाधीशाकडे जाई, तों तेथें लांच मागत. तालिबानांचा काजी कठोर खरा, परंतु निकाल लवकर देई, व तो अमलांतही आणी. ज्यानें जमिनीच्या दाव्यापायीं कचेरीचे उंबरठे झिजविले आहेत, त्यास याहून अधिक सांगणें नको. २०१५ सालीं कुंदूझ येथील रुग्णालयावर अमेरिकन विमानानें मारा केला. ४२ जण मेले. चूक झाल्याचें अमेरिकेनें कबूल केलें. मेलेल्यांच्या भावांनीं त्या कबुलीचें काय करावें?

बिन लादेन २०११ सालीं मारला गेला, तो पाकिस्तानांत. ता. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं तालिबान पुनः काबुलांत शिरले. त्याचा वारस अयमन अल् जवाहिरी त्याच काबुलांत येऊन राहिला, आणि २०२२ च्या जुलैअखेर तेथेंच ठार झाला. तेव्हां अमेरिकेचें सैन्य तेथून जाऊन अकरा महिने लोटले होते.