पुढे न्या

१९७६ साली आजच्या रायगड जिल्ह्यात विंचू चावून कुणी दगावलं, तर कुणी कुणाला जाब विचारला नसता. लाल विंचू म्हणजे साक्षात काळ. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, छातीत भरत जाणारं पाणी, तोंडाला गुलाबी फेस, आणि संपलं. मांत्रिक होतेच, डॉक्टरांच्या हाती तरी मांत्रिकापेक्षा फार वेगळं काय होतं? त्याच सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून, नाडी आणि रक्तदाब टिपत त्यांनी विषाची चाल ओळखली. या विषाने शरीरात संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला तो भार झेपत नाही. ऐंशीच्या दशकात त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरायला सुरुवात केली. गंभीर विंचूदंशात शंभरातले तीस-चाळीस रुग्ण जात असत, ते प्रमाण एक-दोनवर आलं.

विंचू तोच, विषही तेच. पण गोळी सापडल्यावर तो मृत्यू दैवाच्या खात्यातून निघाला आणि माणसांच्या खात्यात जमा झाला. आता विंचू चावून पोर गेलं, तर प्रश्न उभा राहतो. गोळी केंद्रात नव्हती? होती, पण डॉक्टर नव्हते? दोन्ही होते, आणि तिथवर न्यायला गाडी नव्हती? टळू शकणाऱ्या मृत्यूंची यादी अशी ज्ञानाच्या मागोमाग लांबत जाते. वैद्यकशास्त्र पुढे सरकलं की आपल्या माथ्यावरचं देणं वाढतं. हे गणित आपण कधी नीट मांडत नाही. नवं औषध आलं की टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

हार्वर्डचे डॉ. डेव्हिड रुट्‌स्टाइन यांनी १९७६ सालीच (योगायोग म्हणायचा) असं सुचवलं होतं, की वेळेवर नीट उपचार मिळाले तर जे मृत्यू व्हायलाच नकोत, ते मोजा. असा एक जरी मृत्यू झाला, तरी तो का झाला हे विचारा. आरोग्यव्यवस्थेची प्रत मोजायची ही रीत पुढे जगभर रुळली. आपण एरवी काय मोजतो? खाटा, इमारती, उद्घाटनं. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षाला असे ८६ लाख मृत्यू होतात, असा अंदाज मांडला. त्यातली सुमारे ५० लाख माणसं उपचारांपर्यंत पोचलेली होती. भारताच्या वाट्याला आलेल्या सुमारे २४ लाखांपैकी १६ लाखांची गत तीच. म्हणजे दवाखान्याचं दार सापडलं होतं, दाराआड हवं ते मिळालं नाही. दवाखाना बांधला की आरोग्य आलं, या आपल्या जुन्या समजुतीला हा आकडा चांगलाच टोचतो.

आपली भाषा मात्र या मोजणीच्या आड येते. ‘मरणाला निमित्त लागतं’ असं आपण म्हणतो. कितीतरी घरांच्या ओसरीवर बसून मीही म्हटलंय, आणि पुन्हा म्हणेन, कारण त्या घटकेला दुसरं काय बोलणार! पण सांत्वनाचं हे वाक्य दहाव्या-बाराव्यानंतरही घरात मुक्काम ठोकतं, आणि मग कुणी काही विचारतच नाही.

विचारलं, तर कसं विचारायचं हेही आपल्याला ठाऊक नाही. २०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बालकं होती. सगळा महाराष्ट्र हादरला. मग एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, आणि त्याचं चित्रीकरण घरोघरी पोचलं. लोकांचा राग खरा होता. पण मोठ्या सरकारी रुग्णालयात मरणारा रुग्ण बहुतेकदा दोन-तीन दारं फिरून आलेला असतो. गावच्या डॉक्टरने म्हटलेलं असतं ‘पुढे न्या’, ग्रामीण रुग्णालयाने म्हटलेलं असतं ‘पुढे न्या’, खासगीत पैसे संपल्यावर तिथूनही तेच. ज्याच्या पुढे कुणी नाही, त्याच्या दारात मृत्यू होतो आणि त्याच्याच वहीत चढतो. अशा वेळी शेवटच्या दाराला फासावर चढवलं, की मधली दारं निर्धास्त होतात. इतकंच नव्हे, शेवटचं दारही शहाणं होतं. अत्यवस्थ रुग्ण घेईनासं होतं. आकडा सुधारतो, माणसं रस्त्यात मरतात.

केरळने वेगळी वाट धरली. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून बाळंतिणींच्या मृत्यूंची गोपनीय छाननी चालवली आहे. कागदांवरचं बाईचं नाव, डॉक्टरचं नाव, रुग्णालयाचं नाव पुसतात, आणि मग जाणते डॉक्टर बसून बघतात की रक्तस्राव कधी सुरू झाला, कधी लक्षात आला, रक्त कधी मागवलं, कधी लागलं. शिक्षा नाही, म्हणून लपवालपवीही कमी. २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३, देशात ९७. केरळचं यश एकट्या या छाननीचं नाही; शिक्षण, दळणवळण, सारंच त्यात आलं. पण नाव पुसल्याशिवाय चूक दिसत नाही, हे त्यांना कळलं ते आपल्याला कळायला हवं. याला एक काळी बाजूही आहे. ज्या घरातली बाई गेली, त्या घराला नाव हवंच असतं, आणि गोपनीय छाननी ते देत नाही. यावर मला समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

माझी एक आतेबहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली. मूल वाचलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलंय, हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने. अहो, ते तर प्रत्येकाचंच बंद पडतं! आतोबांनी तो दाखला कपाटात ठेवून दिला. त्यांनी जपलेत ते दुसरेच कागद. तीन रुग्णालयांची तीन कार्डं, वेळेच्या क्रमाने लावून टाचलेली. पहिल्यावर बॉलपेनने रात्रीचे नऊ चाळीस, दुसऱ्यावर अकरा पंचवीस, तिसऱ्यावर एक दहा. पहिल्या दोन्हींवर खाली एकच सल्ला. आतोबा एसटीत कंडक्टर होते. वेळा बघायची त्यांना सवय. मी गेलो की ते कार्डं काढतात आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मधल्या जागेवर बोट ठेवतात. तो रस्ता त्यांच्या पायाखालचा. म्हणतात, ‘‘पाऊण तासाचा पल्ला आहे रे. बाकीचा तास कुठे गेला?’’