चापाजी टिळेकर व दोन दासी



एखाद्या थोर पुरुषाचा वध झाला म्हणजे त्याचे नाव इतिहासात राहते व मारणाऱ्याचेही राहते. परंतु त्याच वेळी, त्याच घरात, जे इतर जीव गेले त्यांचे काय? त्यांचे स्मरण ठेवणे ही केवळ दया आहे, की ते न्यायाचे अंग आहे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आपल्या घोडेगावी पारावर बसलेल्या कोणाही वृद्ध गृहस्थास नारायणराव पेशव्याविषयी पुसावे. ‘काका, मला वाचवा’ ही हाक तो सांगेल. आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला, हेही सांगेल. मग पुसावे, ‘त्या दिवशी वाड्यात आणखी कोण मेले?’ बहुधा तो स्तब्ध राहील.

ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या उत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचे निमित्त पुढे करून गारदी पुण्याच्या शनिवारवाड्यात शिरले. अठरा वर्षांचा नारायणराव धावत जाऊन चुलता रघुनाथराव यास बिलगला. तुळाजी पवाराने त्यास ओढून खाली पाडले. इतक्यात चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याकडे धावला. त्याच्या हाती शस्त्र नव्हते. धन्याने त्याच्या गळ्यास मिठी मारली, आणि त्या मिठीतच दोघेही तलवारीखाली पडले. सुमारे अर्ध्या तासात अकरा माणसे मेली. इतिहासकारांनी दिलेला हिशेब असा की, नारायणराव धरून सात ब्राह्मण, दोन मराठे चाकर व दोन दासी. चापाजीचे नाव बखरी व इतिहास वाचणाऱ्यांस तरी ठाऊक आहे. त्या दासींची नावे कोणाच्याही तोंडी नाहीत.

आता चिठ्ठीची प्रसिद्ध कथा घ्या. मूळ हुकूम ‘धरावे’ असा होता व तो ‘मारावे’ असा करण्यात आला, असे म्हणतात. कथा खरी असो वा नसो, अडीचशे वर्षे लोकांनी या अपराधाचा निवाडा एका अक्षरावर टांगून ठेविला आहे. ‘धरावे’ म्हटले असेल तर चुलत्याचा दोष हलका, ‘मारावे’ म्हटले असेल तर भारी! परंतु या वादात त्या दोन दासींस उभे करून पाहा. त्यांस धरावे असे कोणी लिहिले नव्हते, मारावे असेही लिहिले नव्हते. तरी त्या मेल्या. ज्याने शस्त्रधारी माणसे भरल्या घरात सोडिली, त्याने कोणते अक्षर लिहिले याने त्यांच्यापुरता काहीच भेद पडत नाही.

रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास तोंडावर दोषी ठरविले व पुणे सोडिले. त्यांचे नाव आपण आदराने घेतो, ते योग्यच आहे. परंतु तो दोष एकाच प्रेताचा होता असे समजून आपण ते पाप कमी करितो. म्हणून विसरलेल्यांचे स्मरण म्हणजे मृतांवर केलेली कृपा नव्हे. ते न्यायाचे माप आहे. माप आखूड केले की अपराधही आखूड दिसू लागतो.

कोणी म्हणेल, ‘सर्वांची नावे इतिहासात कशी मावतील? शिवाय धन्यासाठी मरणे हे चाकराचे कामच.’ पहिले म्हणणे काही अंशी खरे आहे. पण नाव ठाऊक नसले तरी ‘दोन दासीही मेल्या’ एवढे सांगावयास कितीशी जागा लागते? दुसरे म्हणणे मात्र टिकत नाही. पगार गारदीही घेत होते व चापाजीही घेत होता. एकाच धन्याचे मीठ खाऊन एकाने तलवार उगारली व दुसरा रिकाम्या हातांनी तिच्याखाली गेला. हा भेद पगाराने घडत नाही. तो अंतःकरणाने घडतो, आणि त्याची किंमत चाकरीच्या हिशेबात बसत नाही.

स्मरण ठेवू म्हटल्यास ठेविता येते. अमेरिकेत ता. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अध्यक्ष लिंकन यांस गोळी लागली, त्याच वेळी मंत्री सीवर्ड यांच्या घरात दुसरा मारेकरी शिरला. आजारी सीवर्ड यांच्या शुश्रूषेस असलेला जॉर्ज रॉबिन्सन हा साधा शिपाई सुरीचे घाव सोसून त्याच्याशी झुंजला. १८७१ साली त्या देशाच्या काँग्रेसने त्यास सुवर्णपदक देण्याचे ठरविले.

वाचकहो, आपल्या खेड्यांतही हेच घडते. भाऊबंदकीत मोठ्या घरचा मनुष्य मारला गेला तर त्याचे नाव गावोगाव होते. खळ्यावर निजलेला जो गडी मध्ये पडला, तो ‘आणि एक गडी’ एवढाच उरतो. त्यालाही घर होते, वाट पाहणारी माणसे होती. तेव्हा शाळेत किंवा घरी मुलांस ही गोष्ट सांगाल, त्या वेळी काकाच्या हाकेपाशी थांबू नका. चापाजीचे नाव सांगा. आणि त्या दोघींची नावे सांगता येत नसली, तरी त्या होत्या, हे अवश्य सांगा.